ट्रम्पना मत दिलं, आता मुलगी फोन उचलत नाही

वाचकाचं पत्र (थोडं कापून देतेय) :

ताई, नमस्कार. मी मूळचा पुण्याचा, आता न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आलो, ग्रीन कार्डच्या रांगेत बरीच वर्षं काढली, मग सिटिझन झालो. 2024 ला मी ट्रम्पना मत दिलं. कारणं होती माझ्याकडे. महागाई, बॉर्डर, आणि आपण नियमाने रांगेत उभे राहिलो तर बाकीच्यांनी का राहू नये हे. नुसतं मत देऊन थांबलो नाही, मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जोरात किल्ला लढवला, पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या रूममेटला फोन करकरून पटवलं. आता सख्खा भाचा लग्नाला म्हणून पुण्याला गेला तो तिकडेच अडकलाय, व्हिसा स्टॅम्पिंगची अपॉइंटमेंट एकदम काही महिने पुढे गेली, इकडे नोकरी टांगणीला. बहीण काही बोलत नाही पण फोन लवकर ठेवते. मुलगी नुकतीच 18 ची झाली, कॉलेजला आहे, नाताळच्या सुट्टीत घरी आली तेव्हा जेवताना विषय निघाला आणि "बाबा, हे तुम्ही आणलंय" म्हणून ताटावरून उठली. तेव्हापासून माझा फोन घेत नाही. बायको म्हणते एकदा चुकलं म्हणून टाका, विषय संपवा. मला पश्चात्ताप होतोय का नुसता राग येतोय हेच कळेना झालंय. असे अजून लोक आहेत का मी एकटाच? आणि सगळ्यांची माफी मागू का?

उत्तर :

दादा, नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. तुम्ही त्यात कुठेच स्वतःला वाचवायचा प्रयत्न केलेला नाही, रूममेटचं तर सांगायची गरजही नव्हती तरी सांगितलंत, म्हणून मीही मोकळेपणाने लिहिते.

आधी सोपा प्रश्न घेऊ, तुम्ही एकटे आहात का. नाही. पण तुमच्या लेकीला वाटत असेल तितके लोकही तुमच्या बाजूला नाहीत, कारण यात दोन गोष्टींची सरमिसळ होते. नाराजी वेगळी आणि पश्चात्ताप वेगळा. गॅलप या सर्वेक्षण संस्थेच्या पाहणीत ट्रम्प यांच्या कामावर खूश असलेले लोक जानेवारी 2025 ला 47 टक्के होते, नोव्हेंबर 2025 ला ते 36 वर आले, म्हणजे नाराजी भरपूर आहे. पण त्याच पाहणीत रिपब्लिकन म्हणवणाऱ्यांमधले 80 टक्क्यांच्या वर लोक तेव्हाही त्यांच्याच बाजूने होते. आणि नाराज झालेल्यातल्या कुणाला सरळ विचारलं की बाबा मग समोरच्या कमला हॅरिसना द्यायला हवं होतं का मत, तर बरेचजण म्हणतात छे, तेही नाही, घरी बसलो असतो फार तर. बायडेन यांचंही हेच झालं होतं, जानेवारी 2021 ला 57 टक्क्यांवर सुरू झाले, मग अफगाणिस्तानातून बाहेर पडतानाचा तो गोंधळ आणि पाठोपाठ महागाई, आकडा उतरत गेला तो गेलाच, त्यांचेच मतदार वैतागले, पण "आम्ही ट्रम्पना द्यायला हवं होतं" म्हणणारे त्यात थोडेच.

तुमच्या स्वतःच्या राज्यात काय झालं ते तुम्ही बघितलंच असेल. 2024 ला हॅरिस न्यू जर्सी जेमतेम 6 टक्क्यांनी जिंकल्या, जिथे बायडेन 16 ने जिंकले होते, आणि पसेइक काउंटी चक्क ट्रम्पकडे गेली. वर्षभरात, नोव्हेंबर 2025 ला गव्हर्नरच्या निवडणुकीत डेमोक्रॅट मायकी शेरिल 13 टक्क्यांच्या वर फरकाने आल्या आणि पसेइक परत फिरली. आता यातले किती जण पस्तावून फिरले, किती नुसतेच घरी राहिले, किती जण 2024 ला घरी होते आणि यावेळी चिडून बाहेर पडले, हे नुसत्या निकालावरून सांगता येत नाही. पण लोक पश्चात्ताप कसा व्यक्त करतात ते मात्र दिसतं. कुणी चौकात उभं राहून चुकलो म्हणत नाही, पुढच्या वेळी गुपचूप वेगळं बटण दाबतात.

आणि आपल्या लोकांबद्दल बोलायचं तर 2024 च्या ऑक्टोबरमध्ये कार्नेगी या अभ्यास संस्थेची भारतीय अमेरिकनांची पाहणी आली होती, त्यात 61 टक्के हॅरिसना देणार होते आणि 32 टक्के ट्रम्पना, चार वर्षांपूर्वी ट्रम्पना 22 होते. म्हणजे ज्या हॉलमध्ये मंडळाचा गणपती बसतो त्या हॉलमधले साधारण तिघातले एक तुमच्यासारखेच होते, आणि आता त्यांच्यातले कित्येक जण याच विचारात असतील, कुणी बोलत नाही एवढंच.

न बोलण्याचं कारणही समजून घ्या कारण ते तुमच्या डोक्यातही चालू आहे. 1957 मध्ये लिओन फेस्टिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने मांडलं की माणसाला स्वतःची कृती आणि स्वतःचं मत यात फट पडलेली सहन होत नाही, कृती तर झालेली असते ती बदलता येत नाही म्हणून माणूस मत बदलतो. मग 1968 ला व्हँकूवरच्या रेसकोर्सवर दोन संशोधकांनी दोन डॉलरची पैज लावणाऱ्यांना विचारलं, तुमचा घोडा जिंकेल याची खात्री किती. खिडकीवर पैसे भरायच्या आधी ज्यांना विचारलं त्यांना बेताची खात्री, आणि पैसे भरून जे वळले होते त्यांना बरीच जास्त. घोडा तोच, रेस अजून सुरूही नाही, मधे फक्त पैसे भरले गेले. मतदानाचं याहून जास्त होतं कारण आपण नुसतं मत देत नाही, तुमच्यासारखं ग्रुपवर भांडतो, चार जणांना दुखावतो, आणि जितकं भांडलो तितकं मागे फिरणं महाग पडतं.

याच्यापुढची गंमत म्हणजे माणसाची आठवणच सरकते. केनेडी 1960 ला 49.7 टक्के मतांवर आले, निक्सनपेक्षा केसभर जास्त. 1963 ला त्यांची हत्या झाली आणि त्यानंतर लोकांना विचारलं की तुम्ही कुणाला मत दिलं होतं तर जवळजवळ दोन तृतीयांश लोक म्हणाले केनेडींना. निक्सनचं उलट, 1972 ला 50 पैकी 49 राज्यं जिंकली, फक्त मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी गेली, आणि वॉटरगेटच्या हेरगिरीच्या भानगडीनंतर त्यांना मत दिलेलं माणूस शोधून सापडेना, गाड्यांवर स्टिकर लागले, मला दोष देऊ नका मी मॅसॅच्युसेट्सचा आहे. हे सगळे खोटारडे नव्हते हो. बऱ्याचजणांना खरंच तसं आठवायला लागलं होतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं, कुणाशीही काहीही बोलायच्या आधी एक वही घ्या आणि नोव्हेंबर 2024 ला तुम्ही मत का दिलंत ते लिहून काढा. आत्ताच. अजून वर्षभराने लिहायला बसलात तर खरं लिहिता येणार नाही. प्रत्येक कारणासमोर तीन गोष्टी लिहा, तेव्हा मला काय माहीत होतं, नंतर काय झालं, आणि ते राष्ट्राध्यक्षाच्या हातात होतं का. तुमची तीन कारणं पत्रात आहेतच, मी सुरुवात करून देते.

बॉर्डर. तुम्हाला बेकायदा येणारे कमी व्हायला हवे होते, ते झाले. सप्टेंबर 2025 ला संपलेल्या सरकारी वर्षात मेक्सिकोच्या सीमेवर जेवढे लोक पकडले गेले ते 1970 नंतरचे सगळ्यात कमी. ज्याला हेच आणि एवढंच हवं होतं त्याने पस्तावायचं कारण नाही, आणि कुणी जबरदस्ती करतंय म्हणून तसं म्हणूही नये.

महागाई. जून 2022 ला दर 9.1 टक्के होता, लोकांचं कंबरडं मोडलं होतं, तुमचा राग बरोबरच होता. पण तुम्ही मत द्यायला गेलात तोवर, ऑक्टोबर 2024 ला, तो 2.6 वर आलेला होता. भाव उतरले नव्हते, वाढायचा वेग उतरला होता, आणि चढलेले भाव सहसा परत खाली येत नाहीत, कुणीही निवडून आलं तरी. एप्रिल 2025 ला टॅरिफ म्हणजे आयात कर आले आणि सप्टेंबर 2025 ला दर 3 टक्के होता. तर इथे लिहा, मी अशक्य गोष्टीची अपेक्षा केली होती का. आणि टॅरिफ लावणार हे ते प्रत्येक सभेत सांगत होते, ते मी ऐकलं होतं का.

आता रांग, ही तुमची दुखरी नस आहे त्यामुळे जरा सावकाश घेऊ. ग्रीन कार्डची रांग का आहे? नोकरीवाल्यांसाठी वर्षाला साधारण 1 लाख 40 हजार कार्डं आणि कुठल्याही एका देशाला 7 टक्क्यांहून जास्त नाही, हा 1990 चा कायदा. तो फक्त काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, बदलू शकते. बुश, क्लिंटन, धाकटे बुश, ओबामा, ट्रम्प, बायडेन, सगळे आले नि गेले आणि 7 टक्के तिथेच आहे. बेकायदा येणाऱ्या माणसाने तुमच्या रांगेतली जागा कधी घेतलीच नव्हती, तो त्या रांगेत नव्हताच मुळी. हे मला पोटतिडकीने सांगावंसं वाटतं कारण आपल्या अख्ख्या पिढीचा संताप चुकीच्या पत्त्यावर गेलाय, ज्या कायद्याने आपल्या आयुष्याची ऐन वर्षं खाल्ली त्याचं नावही ग्रुपवर कुणी घेत नाही.

तुम्ही म्हणाल पण ट्रम्पच म्हणाले होते ना जून 2024 ला त्या पॉडकास्टवर, की डिग्रीसोबतच ग्रीन कार्ड मिळायला हवं. म्हणाले होते, खरंय. आणि काही तासांतच त्यांच्याच प्रचारवाल्यांनी त्याला कडक छाननीच्या अटी जोडल्या. त्याच्या आधीची पाटी कोरी होती का? एप्रिल 2017 ला अमेरिकन माल घ्या अमेरिकन माणूस नेमा हा आदेश निघाला होता, त्या काळात एच-1बीच्या प्रत्येक कागदावर शंका काढत होते, जून 2020 ला तर नवीन एच-1बीवाल्यांना देशात यायलाच बंदी घातली होती. तुम्ही स्वतः त्या व्हिसावरून आलेला माणूस आहात. हे तुम्हाला माहीत होतं, किंवा तासभर शोधलं असतं तर कळलं असतं. मग सप्टेंबर 2025 ला एक लाख डॉलर फीची घोषणा आली, डिसेंबरपासून एच-1बी आणि एच-4 (त्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वाल्यांचे सोशल मीडिया अकाउंट तपासायला लागले आणि भारतातल्या अपॉइंटमेंट धडाधड पुढे गेल्या, ज्यात तुमचा भाचा सापडला. दादा, ही जी जागा आहे ना, माहीत असून बाजूला ठेवलं ही, इथे जर पोटात कालवत असेल तर तो पश्चात्ताप. तो खराय आणि तो होऊ द्या.

याउलट ऑगस्ट 2025 ला भारतावर एकूण 50 टक्के टॅरिफ लागला, सीप्झमधल्या दागिन्यांच्या कारखान्यांपासून सोलापूरच्या टॉवेलवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या ऑर्डरी लटकल्या. ह्यूस्टनच्या स्टेडियमात मोदींच्या हातात हात घालून फिरलेले, अहमदाबादला मोटेरात लाखभर लोकांसमोर मिठी मारलेले, त्यांच्याकडून हे होईल असं चांगल्या चांगल्या जाणकारांनाही वाटलं नव्हतं. त्याचं वाईट वाटतंय तर वाटू दे पण ते स्वतःच्या डोक्यावर घेऊ नका. तो अपेक्षाभंग आहे.

आणखी एक प्रश्न वहीत लिहायचा आहे आणि तो अवघड आहे. 5 फेब्रुवारी 2025 ला अमृतसरला अमेरिकन लष्करी विमान उतरलं, 104 भारतीय, हातापायात बेड्या घालून आणलेले, त्यात 3 महाराष्ट्रातले होते. त्या दिवशी तुमच्या ग्रुपवर काय लिहिलं गेलं? तुम्ही काय लिहिलंत? जुने मेसेज वर जाऊन बघा, डिलीट करू नका. मी तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून विचारत नाहीये, मला वाटतं तुमच्या मुलीचा प्रश्न हा आहे. भाचा अडकल्यावर बाबा बदलले, तोपर्यंत दुसऱ्यांची मुलं अडकत होती तेव्हा नाही बदलले, हे तिला दिसतंय. आणि माझ्या घरापर्यंत आलं म्हणून वाईट वाटतंय की झालं तेच वाईट होतं म्हणून, यात फार अंतर आहे. उत्तर काहीही येऊ दे, ते स्वतःला खरं द्या.

हे सगळं लिहून झालं की तुमचा दुसरा प्रश्न बराचसा सुटेल, राग की पश्चात्ताप. मला वाटतं दोन्ही निघेल, वेगवेगळ्या ओळींवर. आणि असंही होऊ शकतं की सगळं मांडल्यावर तुम्हाला वाटेल, नाही, त्या दिवशी समोर दोनच माणसं होती आणि माझ्या हिशोबाने मी बरोबरच दिलं. तर मग तसं म्हणा. वहिनी म्हणतात चुकलं म्हणून टाका आणि विषय संपवा, त्यांना घरात शांतता हवीय, चूक काय त्यांची, पण न वाटता म्हटलेलं चुकलं हे महिन्याभरात फुटतं, पुढच्या कुठल्यातरी बातमीवर तुमच्या तोंडून निघणारच "तरी मी म्हणत होतो", आणि मग लेक कायमची जाते. मत गुप्त असतं, कुणालाही विचारायचा हक्क नाही आणि तुम्ही कुणालाही हिशोब देणं लागत नाही. तुम्ही द्यायचा ठरवलात तर मात्र खरा द्या.

एक पळवाट तुम्हाला कुणीतरी दाखवेल म्हणून आधीच सांगते. न्यू जर्सीची 14 च्या 14 इलेक्टोरल मतं (राष्ट्राध्यक्ष ठरवणारी राज्याची मतं) हॅरिसना गेली, मग तुमच्या मताने कुठे काय फरक पडला, सोडा. नका सोडू. एक तर मत देताना तुम्ही मनापासून दिलं होतंत, आणि दुसरं म्हणजे तो रूममेट. पेनसिल्व्हेनियात 19 इलेक्टोरल मतं आणि फरक सव्वा लाखाच्याही आतला. त्याच्या एका मताने राष्ट्राध्यक्ष ठरला असं मुळीच नाही, तो भार डोक्यावर घेऊन रात्री जागू नका. पण तुम्ही तुमची मैत्री वापरून त्याला पटवलंत, तर त्याला एक फोन लागतो. "मी तुला तेव्हा जे सांगितलं त्यातलं हे हे मला आता पटत नाही" एवढंच सांगा, नाव घेऊन, मुद्दा धरून. आता त्याला दुसऱ्या बाजूला ओढायला जाऊ नका, तो कदाचित खूशही असेल, त्याचं ऐकून घ्या आणि फोन ठेवा. ग्रुपवर मात्र मोठा माफीनामा टाकायची गरज नाही. तिथे दोन तास "बघा आम्ही सांगत होतो" चालेल, मग दुसरी बाजू तुम्हाला गद्दार म्हणेल, आणि तुम्ही रात्री अकरा वाजता परत किल्ला लढवत बसाल. कुणी थेट विचारलं तर एका वाक्यात खरं सांगा, बास.

इथे ग्रुपमधल्या दुसऱ्या बाजूच्या लोकांनाही सांगते, तुम्ही हे सदर वाचता मला माहीत आहे. एखादा माणूस डळमळला की "आता भोगा" म्हणून त्याच्यावर तुटून पडू नका. त्याला परतायची वाटच ठेवली नाही तर तो जिथे आहे तिथेच घट्ट होऊन बसतो, आणि मग त्याला आपलं जुनं मत दुप्पट खरं वाटायला लागतं. आज ज्याचा भाचा अडकलाय त्याला टोमणा मारून कुणाचा व्हिसा मोकळा झालेला मी तरी बघितला नाही.

बहिणीचं बघू. तिला तुमच्या राजकारणाशी काही देणंघेणं नाही असं मी पैजेवर सांगते, तिचा मुलगा अडकलाय आणि भाऊ त्याबद्दल बोलायचं टाळतोय असं तिला वाटतंय. तुम्ही ओशाळून गप्प, ती बिचारी संकोचून गप्प. तिला फोन करा आणि कामाचं बोला. भाच्याचं पिटिशन, म्हणजे कंपनीने केलेला व्हिसाचा अर्ज, 21 सप्टेंबर 2025 च्या आधी दाखल झालेलं असेल तर ती एक लाख डॉलरची फी त्याला नाही, ती नव्या पिटिशनसाठी आहे, घरात सगळे त्या आकड्याने उगाच हबकलेले असतील तर पहिलं ते सांगा. त्याने कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला लेखी विचारावं की भारतातून काम केलेलं चालेल का, किती दिवस, आणि नोकरी कधीपर्यंत राखून ठेवतील, मॅनेजरच्या तोंडी भरवशावर राहू नये. आणि तुम्ही सिटिझन आहात, तुमच्या मतदारसंघाच्या काँग्रेसमनचं, म्हणजे खासदाराचं, ऑफिस असतं, तिथे अशा अडकलेल्या केसची चौकशी करून देणारी माणसं बसलेली असतात. भाचा त्याच मतदारसंघात राहत असेल तर तिथे, नाहीतर त्याच्या पत्त्याच्या काँग्रेसमनच्या ऑफिसला, त्याच्या सहीचं संमतीपत्र भरून अर्ज द्यायचा. लगेच सुटेल असं नाही, पण फाइल कुठे आहे ते कळतं. कुठल्याही पक्षाचा असला तरी हे काम ते करतात.

आता मुलगी. तिच्याबद्दल मला एक गोष्ट सांगायचीय जी तुमच्या पत्रात आहे पण तुमच्या लक्षात आली नाहीये. ती आत्ता 18 ची झालीय. म्हणजे नोव्हेंबर 2024 ला ती 16-17 ची होती. तिला सगळं कळत होतं, तिच्या शाळेत सगळे त्यावरच बोलत होते, आणि मत देता येत नव्हतं. घरात मत होतं ते तुमच्याकडे. ताटावरून उठताना ती जे म्हणाली त्यात हे पण आहे, की पुढची सगळी वर्षं मी जगणार त्या देशात, आणि ठरवलं तुम्ही. हे रास्त आहे. त्यावर बॉर्डरचे आकडे काढून दाखवायचे नाहीत, ते कितीही खरे असले तरी.

फोन घेत नाहीये तर मेसेज करा, छोटा, मराठीत का इंग्रजीत तुमचं नेहमी असेल तसं. मी मत का दिलं ते मी लिहून काढलंय, त्यातलं काही मला आज पटतं, काही पटत नाही, तुला वाचायचं असेल तेव्हा दाखवीन. तुला कशाचा सगळ्यात जास्त राग आला ते मला ऐकायचंय, मी मधे बोलणार नाही. एवढंच. मला माफ कर असं लिहू नका, त्याने तिच्यावर माफ करायचं ओझं येतं. उत्तर यायला वेळ लागला तर रोज मेसेज टाकू नका, तिच्या आईला मधे घालू नका. आणि ती बोलायला लागली की खरंच मधे बोलू नका, ती अर्धवट माहितीवर काही म्हणाली तरी, दुरुस्त्या नंतर होतील. तिने वही मागितली तर आख्खी द्या, अमृतसरचं पान फाडून नाही.

राहता राहिलं करायचं काय. दिलेलं मत परत घेता येत नाही, अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाला मतदारांनी मधेच परत बोलवायची सोय घटनेत नाही. महाभियोग असतो, पण त्याला शेवटी सिनेटमध्ये दोन तृतीयांश लागतात, ट्रम्पवर तो आधी दोनदा चालला, डिसेंबर 2019 आणि जानेवारी 2021, दोन्ही वेळा सुटले. आपले बेळगावचे श्री ठाणेदार, मिशिगनचे काँग्रेसमन, त्यांनी एप्रिल 2025 ला परत सात कलमं दाखल केली होती, मे मध्ये मतदानाला आणायचा प्रयत्न केला, त्यांच्याच पक्षाची साथ नव्हती, मागे घ्यावं लागलं. तर त्या वाटेकडे डोळे लावून बसू नका. मध्यावधी निवडणूक मात्र आहे, 3 नोव्हेंबर 2026, हाउसच्या, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाच्या, 435 च्या 435 जागा. सत्तेतल्या पक्षाला मध्यावधीत हाउसच्या जागा गमवाव्या लागणं हे इथे इतकं नेहमीचं आहे की 1934, 1998 आणि 2002 ही अपवाद म्हणून सांगावी लागतात. मतदार त्यांची नाराजी तिथेच काढत आलेत, घटना करणाऱ्यांनी दोन वर्षांचा टप्पा ठेवलाय तो त्याचसाठी उपयोगी पडतो. दर वेळी पूर्ण बाजू बदलायलाच पाहिजे असंही नाही. तुम्हाला रिपब्लिकनच जवळचे वाटत असतील तर 2 जून 2026 च्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) त्यातला बरा माणूस निवडा, उमेदवार कुठल्याही पक्षाचा असो त्याला भेटून एकच प्रश्न विचारा, 7 टक्क्यांच्या कायद्याचं तुम्ही काय करणार, आणि उत्तर त्याच वहीत लिहून ठेवा.

मुलीशी बोलणं सुरू झालं की तिचं मतदार रजिस्ट्रेशन झालंय का विचारा. न्यू जर्सीत नोव्हेंबरसाठी शेवटची तारीख 13 ऑक्टोबर आहे, कॉलेज दुसऱ्या गावाला असेल तर घरच्या पत्त्यावर ठेवायचं की तिकडच्या हे तिचं तिला ठरवू दे, फॉर्म दोन मिनिटांचा आहे. कुणाला देणार ते विचारू नका.